बाबांना लेटमार्क

...आणि वर हे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवाले मलाच विचारतात, "सर, तुम्ही बंद करून परत चालू केलंत का?" अहो, चार महिने दुसरं काय केलं मी? बंद केलं, चालू केलं, ड्रायव्हर काढला, ड्रायव्हर घातला, केबल बदलली, बफर, म्हणजे आवाज साठवायची जागा, कमी केला तर स्पीकरमधून जुनी मोटरसायकल सुरू झाल्यासारखी तडतड, म्हणून परत वाढवला... आणि तरी सूर उशिराच! दर खेपेला उशिरा! शेवटी हात टेकले. म्हटलं, चूक माणसाचीच असणार. मशीन कशाला खोटं बोलेल?

हसताय काय? तुम्हाला सांगतो, हा माणूस म्हणजे कोण, तर माझे बाबा. आणि बाबा कोण? घड्याळजी! त्रेचाळीस वर्षं डोळ्यात भिंग बसवून बसलेला माणूस. सगळा बाजार त्यांच्या दुकानात डोकावून वेळ लावायचा. आणि मी? मी ऑफिसात हजेरीपट सांभाळतो. नऊ वाजून अकरा मिनिटांनी आलात की लाल शाईने लेटमार्क. आवडीचं काम आहे माझं, खोटं कशाला बोलू.

तर घरी मागच्या खोलीत, कपाटाला गादी टेकवून, मी रेकॉर्डिंग करतो. मला स्वतःला वाजवता येत नाही हो, मी माऊसने एकेक सूर मांडतो. आणि माऊसने मांडलेला सूर कधी उशिरा येत नाही! पण बाबा तरुणपणी बँडमध्ये अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे, म्हणून म्हटलं, दर रविवारी कीबोर्डवर बसा, मी मिडी रेकॉर्ड करतो. मिडी म्हणजे काय माहितीये? त्यात आवाज नसतोच. कुठली पट्टी, किती वाजता, किती जोरात दाबली, एवढंच. हजेरीपटच की! मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

बाबांच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना हेडफोन आणले. बिनवायरचे. वायर पायात येऊन पडतील-बिडतील, ही आपली माझी काळजी. बायको म्हणाली, "अहो, आधीचे चांगले होते की." पण आम्ही ऐकतोय कुणाचं! बाबांनी कानाला लावले, त्यात टिकटिकणाऱ्या ठोक्यावर वाजवलं, मी पडद्यावर बघतो तर काय... सगळे सूर ठोक्याच्या रेघेच्या उजवीकडे! म्हणजे उशिरा! एकजात!

"बाबा, लेटमार्क!" मी हसत हसत म्हटलं हो. पहिल्यांदा हसतच म्हटलं.

दुसऱ्या रविवारी, लेटमार्क. तिसऱ्या रविवारी, लेटमार्क. असे चार महिने गेले. बाबा म्हणाले, "अरे, मी तर ठोक्यावरच वाजवतोय." मी म्हटलं, बाबा, वाटतं तसं माणसाला. मशीन कशाला खोटं बोलेल? आणि पडदा मोठा करून दाखवला. त्यांनी काय करावं? खिशातून भिंग काढलं, डोळ्यात बसवलं, आणि पडद्याला नाक लावून बघितलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हो रे. मागे पडतोय हात."

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं.

भिंग, चिमटे, ते बारीक स्क्रू ड्रायव्हर, सगळं पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला देऊन आले. मी विचारलं, अहो बाबा, असं अचानक? तर म्हणाले, "हात मागे पडतोय आणि लोकांची घड्याळं उघडून बसू? बरं दिसतं का ते?" त्यानंतर कीबोर्डलाही हात लावला नाही. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आणि मी मूर्ख, मनातून खूशच. म्हटलं, बरं झालं, वेळेत लक्षात आणून दिलं!

यावर वर्ष गेलं. परवा आमच्या ऑफिसातला एक जण घरी आला, त्याला आम्ही कानसेन म्हणतो, पूर्वी स्टुडिओत कामाला होता. त्याने बाबांची जुनी फाइल उघडली आणि ओरडलाच, "ए, हे सूर आधी रेघेवर चिकटवून मग सगळे सरकवलेस का रे?"

म्हटलं, छे, बाबांनी हाताने वाजवलंय.

"शक्यच नाही! हात चुकला तर कधी थोडा चुकेल, कधी जास्त. हे बघ. दोनशे मिलिसेकंद, दोनशे, दोनशे तीन, एकशे अठ्ठ्याण्णव... अरे, माणूस आहे का कोण आहे? ऐकत कशावर होते?"

म्हटलं, हे काय, या हेडफोनवर.

कानसेन डोकं धरून खालीच बसला. "गाढवा! बिनवायरच्या हेडफोनमध्ये ठोकाच उशिरा पोचतो! जो ठोका त्यांना ऐकू आला, त्यावर त्यांनी बरोब्बर वाजवलंय!"

सगळे सूर निवडले, दोनशे मिलिसेकंद डावीकडे सरकवले... आणि सगळे रेघेवर. एका क्लिकमध्ये! मी रडलो. कानसेनसमोर रडलो, त्यात काय लाजायचं? मशीन कशाला खोटं बोलेल? खोटं मी बोलत होतो, मशीनच्या तोंडून!

बाबांना सांगायला गेलो. कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, "किती फरक होता?" म्हटलं, सेकंदाचा पाचवा भाग. म्हणाले, "म्हणजे चावीच्या घड्याळाची एक टिक." अहो, शिव्या द्याव्यात की नाही? एका टिकेसाठी माझं दुकान घालवलंस म्हणावं की नाही? तर म्हणतात कसे, "हेडफोन चांगलेयत पण. वायर पायात येत नाही."

काय करायचं सांगा अशा माणसाचं!

हाताला धरून त्यांना कीबोर्डवर बसवलं. जुने, वायरचे हेडफोन लावले. म्हटलं, बाबा, आता सगळं ठीक आहे, वाजवा. ठोका सुरू झाला. बाबांची बोटं पट्टीवर टेकलेली, आणि दाबतच नाहीत! माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "आता?"

मी म्हणतो, हो बाबा, आता. तोवर ठोका गेलेला असतो. ते दाबतात, परत थांबतात, परत विचारतात, "आता?" प्रत्येक सुराला! म्हटलं, मला नका विचारू, तुमचं तुम्ही वाजवा. तर म्हणतात, "नको, तुला पडद्यावर दिसतं ना." अहो, या उशिराला कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये बटण नाही हो. मी शोधलं. सगळे मेनू उघडून शोधलं.

मग काय! आता दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसतो. पडदा बंद. एक बोट त्यांचं, एक माझं, आणि "आता" म्हणून दोघं एकदम दाबतो. ठोका कधीच पुढे निघून गेलेला असतो. उशिरा येतो आम्ही, दोघंही उशिरा येतो... पण तुम्हाला सांगतो, बरोबर येतो!