आबांचा स्टार्टर आणि माझी झोप

हसू नका, फोनवरच्या ग्रुपचा अॅडमिन होऊन बघा एकदा. आपल्या शिरूर-दौंडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मी विषय वेगळे पाडून दिले होते: सोल्डरिंग, जुने रेडिओ, पंपाचे स्टार्टर आणि गप्पा. सगळे येऊन बसतात गप्पांत. मी कुरकुंभच्या कारखान्यातली नाइट शिफ्ट करून येतो आणि एकेकाचा मेसेज उचलून त्याच्या जागेवर टाकत बसतो.

परवा सकाळी वडगाव रासाईच्या आबांनी गप्पांत लिहिलं, "घरी केलेला स्टार्टर मोटर उचलंना. लाइट हाय तवर सांगा, कांदा सुकतोय."

मी तो मेसेज स्टार्टरच्या विषयात हलवला. थोड्या वेळानं तोच पुन्हा गप्पांत. पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा वैतागून फोनच लावला.

"आबा, स्टार्टरचं स्टार्टरमध्ये लिहा की!"

"तिथं कुणी फिरकत न्हाई, बाबा."

"अहो, सगळं नीट लावून ठेवलंय मी तिथं."

"व्हय, लय नीट हाय. पर माणसं जिथं बसत्यात तिथंच इचारायचं ना?"

झोपेनं मला उभं राहवत नव्हतं. म्हटलं, "झोपतो मी आता. उठल्यावर बघू."

दुपारी उठून बघतो तर गप्पांत उत्तरांचा ढीग. स्टार्टरमधला रिले खराब असल्याचं कुणीतरी ओळखलं होतं, आबांनी तो बदलला होता, आणि कांद्यात पाणी सुटल्याचा फोटोही होता. फोटोखाली आबांनी लिहिलं होतं:

"मोटर चालू झाली. अजून कुणाचं काय आसंल तर उरकून घ्या रं, अॅडमिन झोपलाय."