उकव्याच्या घरातली गरम हवा

त्याले माहीत होतं का नाही? — एवढंच विचारलं मी सगळ्यायले. ज्यानं हे घर ताईले विकलं त्या ठेकेदाराले विचारलं, त्यानं दार लावून घेतलं. ठाण्यात विचारलं, तिथला साहेब म्हने, घर जाओ भाई. कोनीच नाही सांगतलं. आन आता तुम्ही मले विचारता — ही एसीची मशीन थंडीत गरम करते का? घ्या ना रिमोट! दाबा. ते सूर्याचं चित्र — हौ, तेच. आली गरम हवा? नाहीच येनार साहेब. मे महिना आहे, खोली आधीच भट्टी झाली, तर मशीन गपच बसते — बिघडली असो का चांगली असो. आता थंडवर करा. बघा, कशी सुसाट! गार वाटलं ना? पसंत पडलं ना घर? माझ्या ताईलेही असंच पडलं होतं.

हौ, ताईचंच घर. संघमित्रा माझी ताई — तिचं आन धर्मेंद्र भाऊजीचं. भाऊजीचे बाप, नथ्थूबाबा, त्यायनंच चाबी देऊन पाठवलं मले — म्हने, लोकेश, घर दाखव आन तोंड बंद ठेव. ठेवलं असतं मी! पन तुम्ही तेच विचारलं. ताईनंही तेच विचारलं होतं, इथंच उभी राहून, असाच मे होता. बालाघाटहून इथं उकव्याले राहाले येनार होती, इथली थंडी ऐकून होती. ठेकेदार हसून म्हने, ‘बहनजी, अभी कहाँ से चलेगा, कमरा तो पहले से गरम है. ठंड में देखना, बाहर की हवा से गर्मी खींचके अंदर लाती है ये.’ आता सांगा, खोटं बोलला का तो? नाही ना! मिस्त्रीही तेच म्हनते, मशीन तशीच असते. मग मी भांडू कोनाशी? कोनाची गचांडी धरू?

पूस महिन्याच्या थंडीत ताईनं सूर्य दाबला — थंडगार वारा. पुन्हा दाबला — थंडगार वारा. तो बाहेरचा डब्बा आहे ना, त्यातला गरम-थंड पलटवनारा वाल्व थंडीकडंच अडकलेला, मागाहून कळलं. अजूनही तसाच आहे. ठेकेदारानं इथं किती हिवाळे काढले! मग त्याले — जाऊ द्या. ताईचा फोन आला, हसत होती. म्हने, लोक्या, एवढी मोठी मशीन डोक्यावर आन आम्ही शेगडीवर हात शेकून राह्यलो. मिस्त्री येईपर्यंत कोळशावर भागवतो.

ही खिडकी पाहा. ही काच — नवी आहे, पन पहिलीसारखीच — दाराखाली हे रबर — मशीनची हवा बाहेर जाऊ नये म्हनून ठेकेदारानं केलेलं. आमच्या रामपायलीच्या घरात शेगडी रातभर जळते, कोळशाचा सगळा जहरी वायू छपराच्या कवेलूतून निघून जाते. इथून कुठून जाईन? सांगा ना!

तुमची आई येनार म्हनता राहाले, गुडघे आखडतात तिचे थंडीत — तर मग ऐका माझं. आज हौ म्हनू नका. पूसात या, रातभर राहा, हात लावून पाहा आत गरम आन त्या डब्ब्यातून थंड हवा येते का. नाही तर चांगला मिस्त्री आना, डब्बा उघडवा, वाल्व पलटवून पाहा. आन नथ्थूबाबाले सांगा, लोक्यानं सौदा मोडला. सांगा! मले नाही फरक पडत!

कुठं पाहून राह्यले? हौ — याच खोलीत. भाऊजी फोन उचलत नव्हते, पहिल्या बसनं आलो मी, दार तोडलं. धूर काहीच नव्हता. दोघं झोपल्यासारखे. मी खिडकी फोडली, तर बाहेरची थंडी भसकन आत आली. ताईचे पाय उघडे होते. निघा साहेब. निघा म्हनतो ना, चपला तिकडं आहेत! — मी गोधडी वढली दोघायच्या अंगावर, गळ्यापर्यंत, आन पायाकडून खोचली.