नाकातून दूध

माझा जन्म भंडारा जिल्ह्यातला, वैनगंगेच्या काठचं गाव, वडील शाळेत शिपाई, आणि काय सांगू तुम्हाला, मी पाळण्यात रडले की नदीत नावाडी वल्ही थांबवायचा म्हणे, असं माझी आई सांगायची, आईला वाढवून सांगायची सवय होती आणि ती माझ्यातही उतरली आहे, तेव्हा तुम्ही लिहिताना थोडं कमी करून लिहा. पण आवाज होता हे खरं. त्या आवाजावरच मला नोकरी लागली, टेलिफोन ऑपरेटरची, नागपूरला एका सरकारी ऑफिसात. कानाला हेडफोन, समोर बोर्डावर दोऱ्यांचं जंजाळ, आणि तोंडात साखर. मोठमोठे साहेब नुसतं माझं 'नमस्कार' ऐकायला फोन करायचे. मग लग्न झालं, आमचे हेही केंद्र सरकारच्याच नोकरीत, त्यांची बदली लखनौला, मागून माझीही करून घेतली, आणि निशातगंजच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेऊन आम्ही राहिलो. खाली घरमालकीण, मिश्राइन चाची.

लखनौचं लोक काय काय सांगतात, तहजीब, अदब. बाप्पा! इथं माणूस तुमचा अपमान करतो तोसुद्धा आप म्हणून करतो, आणि अपमान झाला हे तुम्हाला जिना चढून वर आल्यावर कळतं.

तर लग्नाला नऊ वर्षं झाली, पोर नाही. आणि पस्तिसाव्या वर्षी दिवस गेले. मुलगी झाली. गोरी, नाकीडोळी नीटस, ओठ असे की कोणी कोरून बसवलेत. ह्यांनी दवाखान्यातच नाव ठरवलं, प्राची. दुसऱ्या दिवशी मी तिला पाजायला घेतलं, ती ओढते ओढते आणि रडते, मग बाळंतपणाला गावाहून आलेल्या माझ्या आईने चमच्याने दूध घातलं, आणि दूध गेलं तोंडात आणि आलं नाकातून. दोन्ही नाकपुड्यांतून, पांढरं, घट्ट, फेस आलेलं.

मी म्हटलं, छी.

आता तुम्ही लिहूनच घेताय तर लिहा. नऊ वर्षांनी झालेल्या पोटच्या पोरीला तिच्या आईने म्हटलेला पहिला शब्द, छी. नर्सने ऐकला, आईने ऐकला. पोट्टीने ऐकला की नाही, देव मी मानत नाही, नाहीतर त्याला विचारलं असतं.

डॉक्टर आले, बोट घालून पाहिलं, म्हणाले टाळू फाटलेली आहे. डोक्यावरची टाळू नाही हं, तोंडातली, वरचं छत. त्याला मधोमध चीर, तोंड आणि नाक एकच खोली. म्हणाले घाबरू नका, ऑपरेशनने शिवता येतं, पण आत्ता नाही, हिचं वजन दहा किलो भरू द्या. आणि बोलायला लागायच्या आत झालेलं बरं, नाहीतर आयुष्यभर नाकातून बोलेल. झालं. आवाजावर भाकरी खाणाऱ्या बाईच्या पोटी ही पोर.

घरी आलो आणि मग गल्ली आली. पहिली मिश्राइन चाची, हातात टॉर्च. बहू, ज़रा तकलीफ़ तो होगी, मुँह खुलवाओ, हम भी देखें. मी कशी उघडू? तिने स्वतःच हनुवटी दाबली, टॉर्च मारली, आणि विहिरीत घागर पडली का पाहावं तसं वाकून पाहिलं. हाय दइया, एकदम ख़ाली है! मग तिची जाऊ, मग समोरच्या दोघी, मग त्यांची बहीण नरही मोहल्ल्यातून खास रिक्षा करून आली. सगळ्या पाहायच्या आणि पाहून झालं की पदर नाकाला लावायच्या. शी! पाहायची हौस पण तुमचीच आणि नाकाला पदर पण तुम्हीच लावायचा? चाचीने निकालही देऊन टाकला, ग्रहण में कटहल काटा था न तुमने? हमने देखा था. काटा था, मी म्हटलं, फणस कापला होता, खाल्ला होता, आणि तुम्हाला पण वाटीभर दिला होता, तुम्ही दोनदा मागून खाल्ला. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून ग्रहणात स्वयंपाक होतो, आजचा नाही, वडिलांपासून. पण काय सांगू, चाची गेल्यावर मी त्या विळीकडे बघत बसायची. बुद्धी वेगळं सांगते आणि पोट वेगळं.

मग तिने गच्चीवरच्या दोरीवर प्राचीची दुपटी वाळत घालायला मनाई केली, वास येतो म्हणून. येत होता, खोटं कशाला सांगू. नाकातून आलेलं दूध मानेच्या वळीत जाऊन आंबतं, दिवसातून आठ वेळा पुसा, तरी आंबतं. माझ्या साड्यांना वास, ह्यांच्या ऑफिसच्या शर्टाला वास. आणि मी बोर्डावर बसून गोड आवाजात म्हणते आहे, नमस्कार, कहिए.

आईने गावाहून बोंडलं आणलं होतं. आपल्याकडचं, पितळेचं, चोचीचं. इथं लखनौत कोणी पाहिलेलं नव्हतं, बाटली तर पोट्टीला ओढता येईना. आई तिला मांडीवर ताठ बसवायची, आडवी नाही, ताठ, आणि बोंडल्याची चोच ओठाला लावून थेंब थेंब दूध सोडायची. घोट, थांबा. नाक पुसा. घोट, थांबा. एक वाटी दुधाला एक तास. मी चिडायची, तर आई म्हणायची, काऊन व, तुले काय गाडी पकडाची हाय?

वर्ष झालं, सव्वा झालं, पोट्टी बोलायला लागली. तिला प म्हणता येईना, प म्हणायला तोंडात हवा कोंडावी लागते, तिची सगळी नाकातून पसार. प चा म व्हायचा. पापा म्हणायला गेली की मामा निघायचं. म्हणजे बाप संध्याकाळी दारात सायकल लावतो आणि पोरगी वरून ओरडते, मामा! चाची खाली हसून हसून लोळायची. आणि प्राची, हे तर स्वतःचं नाव, ते तिला म्हणताच येत नव्हतं.

वजन साडेनऊवर अडकलं. महिन्यातून एकदा काट्यावर ठेवायची, साडेनऊ. पुढच्या महिन्यात सर्दी, सव्वानऊ. मग परत साडेनऊ. डॉक्टर म्हणायचे, अगले महीने. आता ऐका मी काय केलं. आमच्या गल्लीत सब्जीवाला भैया यायचा, त्याच्याकडून मी तराजूतला अर्ध्या किलोचा लोखंडी बाट मागून घेतला आणि प्राचीच्या कापूस भरलेल्या कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. थंडीचे दिवस, कोट काढा म्हणायचं कोणाला सुचणार? काट्यावर ठेवली. काटा आला नऊ किलो नऊशेवर. मी मनात म्हटलं, मेल्या भैया, तुझा बाट पण चोर निघाला! डॉक्टर म्हणाले चला, ठीक आहे, तारीख लिहितो, आणि त्यांनी तिला उचलली आणि बाट टेबलाच्या कडेला लागला. टण्ण.

मला वाटलं हसतील. मी स्वतः हसायच्या तयारीत होते. ते हसले नाहीत. कोट उसवला, बाट टेबलावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, बहनजी, बेहोशी की दवा वज़न देखकर देते हैं. इस हिसाब से देते तो बच्ची शायद उठती नहीं.

दुनियेची किळस मी तुम्हाला इतका वेळ सांगून राहिले, टॉर्चवालीची, पदरवालीची. पण त्या दिवशी घरी येताना रिक्षात मला माझ्याच हातांची जी किळस आली ना, ज्या हातांनी तो बाट शिवला, बारीक टाका घालून, वरून दिसू नये म्हणून. आठ दिवस मी आईलाच पाजू दिलं. मग आई म्हणाली, पुरे झालं तुझं, घे पोट्टीले. घेतली. दुधात खजूर उकळून, पेज गाळून, लोणी चाटवून, घोट, थांबा, घोट, थांबा, आणि तीन महिन्यांनी, उघड्या अंगाने काट्यावर बसवली, खरे दहा किलो.

ऑपरेशनला आत नेताना ती ह्यांच्याकडे हात करून ओरडत होती, मामा, मामा. बाहेर आली तेव्हा तोंड सुजलेलं, लाळेत रक्त, जिभेला दोरा घालून तो गालाला चिकटवलेला, जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून. बघवत नव्हतं. मी आधीच तोंडावर हात ठेवून उभी होते, घट्ट, काही निघू नये म्हणून.

आणि नंतरचे तीन आठवडे! कोपर वाकू नये म्हणून दोन्ही हातांना पुठ्ठ्याच्या नळ्या, कारण एक बोट तोंडात गेलं की सगळी शिलाई उसवणार. चमचा नाही, बिस्कीट नाही, बोंडल्याची चोच ओठाबाहेरूनच, वर दोन घोट पाणी. पोट्टी ताठ हातांनी घरभर फिरायची, रामलीलेतल्या राक्षसासारखी. पाचव्या दिवशी चाची वर आली, अंगावर नवी साडी, हातात पेड्याचा डबा. बिटिया का मुँह मीठा कराएँगे! आणि मी पुढे होईपर्यंत पेडा पोट्टीच्या ओठाशी. तेव्हा मी ओरडले. वैनगंगेच्या नावाड्याला थांबवणारा तो आवाज इतक्या वर्षांनी निघाला. चाचीच्या हातून डबा पडला, पेडे जिन्यावरून खाली गडगडत गेले. ती तशीच खाली निघून गेली. मला वाटलं आता खोली खाली करायला सांगेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वाटी. पेडा दुधात विरघळवून, मलमलीच्या फडक्यातून गाळून, कोमट. वाटी धरून चाचीच उभी, दुसरीकडे तोंड करून. छान लिया है, म्हणजे गाळलंय, म्हणाली, तीन बार. त्यानंतर माझी ड्यूटी असली की पोट्टीच्या हातांवर पहारा तिचा. गच्चीवरची दोरी मात्र तिने तेव्हाही मोकळी केली नाही.

मग बोलणं शिकवणाऱ्या बाई. त्या नाकाखाली छोटा आरसा धरायच्या, प म्हण, आरशावर वाफ आली की हवा अजून नाकातून जातेय. मेणबत्ती फुंक, कापूस फुंक, शिट्टी वाजव. चार वर्षं. प आला, ब आला, पापा पापा झाले, त्या दिवशी ह्यांनी गल्लीत जिलेबी वाटली. पण च आणि छ येईनात. प्राचीची प्राई.

आणि आता मागच्या महिन्यातलं ऐका. चाचीकडे तिची नणंद आली कानपूरहून. चाचीला आमच्या पोट्टीचा असा अभिमान की जणू टाके हिनेच घातले. बिटिया, मुँह खोलो, बुआजी को दिखाओ कहाँ सिलाई हुई है. आणि टॉर्च काढली हो, तीच टॉर्च! बुआजी वाकल्या, तोंडात पान, दात लाल, ओठाच्या कोपऱ्यात काताचा ओघळ. आमची सहा वर्षांची पोट्टी त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, छी!

असं स्वच्छ! समोर दिवा असता तर विझला असता.

बुआजी मागे सरकल्या, कैसी बदतमीज़ लड़की है. मी रागवायला पाहिजे होतं, मी कुठली रागावते, मी जिना चढून वर पळाले, आरसा आणला, नाकाखाली धरला, म्हटलं पुन्हा म्हण. छी. आरसा कोरडा. पुन्हा. छी. कोरडा! चाचीने चष्मा लावून आरसा निरखला आणि म्हणाली, एक बार और बोल बिटिया, बुआ की तरफ़ मुँह करके.

त्या रात्री मी आईला गावाकडे फोन लावला, आणि काही न सांगता रिसीव्हर पोट्टीच्या तोंडाशी धरला. आई तिकडून म्हणाली, तूच म्हटलं होतं तिले, आता तिच्या तोंडी शोभते. बघा, म्हातारी विसरली नव्हती.

आता सकाळी शाळेत जाताना नाव विचारलं की सांगते, प्राची, आणि च वर जरा जास्तच जोर देते, ऐकणाऱ्याच्या तोंडावर थुंकी उडते. उडू द्या. मी आता रागावत नाही कोणावर, बोर्डावर बसते, नमस्कार म्हणते. सगळ्यांचं भलं होवो, टॉर्चवाल्यांचंही होवो, पण त्यांनी जरा लांब उभं राहावं.