आणि चालू मोटारींचं काय?

गावकऱ्यांनो, पाणीसंस्थेच्या सभासदांनो, आणि इथं पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या मावश्यांनो,

नवरा गेल्यावर बाईनं आत बसायचं, माइकपुढं उभं राहायचं नाही, अशी आपल्याकडं रीत आहे. आपले चेअरमन भाऊराव आण्णा म्हणाले, "वहिनी, दोन शब्द बोला." मी नाहीच म्हणणार होते. पण आत्तापर्यंत जे बोलले, ते सर किती चांगले होते एवढंच बोलले. सर काय विचारायचे, हे कुणी बोललं नाही. म्हणून उठले.

नवरा असला तरी मीही त्यांना सरच म्हणायचे. ते आष्टीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मी सातवी होऊन त्यांच्या घरात आले. घरभर पुस्तकं. झाडता झाडता उघडायची, झाडता झाडता मिटायची. मग मिटेनाशी झाली. कळायचं नाही, तेव्हा विचारायचे. "तुला काय कळणार" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. "कुठं अडलीस?" एवढंच म्हणायचे.

नोकरी संपली आणि आम्ही गावी आलो. आण्णांनी त्यांना पाणीसंस्थेचं सचिव केलं. दुष्काळाची वर्षं होती. शिरूरपासून पाटोद्यापर्यंत जिथं बघावं तिथं टँकर. आपल्या संस्थेच्या बोअरवरच्या मोटारी एकामागून एक जळत होत्या. कोणत्या कंपनीची मोटार घ्यायची, यावर बैठक बसली. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे आपले बबन मिस्त्री, ते बघा खांबाला टेकून उभे आहेत, ते म्हणाले, "सर, ह्या कंपनीची मोटार दोन वर्षं टिकती. डोळे झाकून लिहा."

सर म्हणाले, "कशावरून?"

"माझ्या दुकानात जळून येत्यात त्याच्यावरून."

"आणि ज्या दुकानात येत नाहीत त्यांचं काय?"

बबन म्हणाले, "चालू मोटार कुणी माझ्या दुकानात पाया पडायला आणतंय का?"

सगळे हसले. सरही हसले. मात्र घरी आल्यावर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि खडू घेऊन मागच्या भिंतीवर लिहीत बसले.

मी तुम्हाला ती भिंत सांगते. अवघड नाही. समजा, दहा मोटारी आहेत. त्यातल्या चार जळाल्या. एका वर्षानं एक, दोन वर्षांनी दोन, तीन वर्षांनी एक. बेरीज आठ, मोटारी चार. सरासरी दोन वर्षं. बबन मिस्त्रींचं गणित चुकलं नव्हतं. पण उरलेल्या सहा मोटारी पाण्यात बसून मुकाट्यानं चालत होत्या, त्या या गणितात नव्हत्याच. जी चांगली चालते ती मोजायचीच नाही, असं झालं.

मी म्हणाले, "अहो, त्या अजून चालू आहेत. त्यांचं आयुष्य किती, हे कुणालाच माहीत नाही. मग मोजणार कशा?"

ते म्हणाले, "माहीत नाही असं नाही. अर्धं माहीत आहे. चार वर्षं चाललेली मोटार निदान चार वर्षांची तर आहे? तेवढं पक्कं आहे ना? मग ते पक्कं फेकून का द्यायचं?"

आणि त्यांनी चारच्या पुढं अधिकचं चिन्ह काढलं. चार अधिक. म्हणजे चार तरी, पुढचं देव जाणे. दुसरीपुढं तीन अधिक. तिसरीपुढं दोन अधिक. पुस्तकात अशा आकड्याला मोठं नाव आहे. सर त्याला अपुरी नोंद म्हणायचे. अपुरी, पण खोटी नाही.

चालू मोटारींनी मिळून सोळा वर्षं काढली होती. जळालेल्यांची आठ. एकूण चोवीस. त्यात जळाल्या चार. म्हणजे सहा वर्षांच्या चालण्यामागं एक मोटार जळते. बबन मिस्त्रींच्या दोनाचे सहा झाले. मी भिंतीकडं बघतच राहिले. मोटारी त्याच, गाव तेच, आणि नुसतं चालू असलेल्यांना विचारल्यावर उत्तर तिप्पट.

दुसऱ्या दिवशी बबन चहाला आले, भिंत वाचली आणि म्हणाले, "सर, मोटारींची हजेरी लावताय व्हय?"

सर म्हणाले, "हो. गैरहजर असणाऱ्यांचीच आजवर लावत होतो."

आता तुम्ही म्हणाल, बाई नवऱ्याचं कौतुक करायला उभी राहिली. तसं नाही. सर चुकलेही. आणि चुकल्यावर ते जितके खूश व्हायचे, तितके बरोबर आल्यावर व्हायचे नाहीत.

त्याच दुष्काळात काही बोअरचं पाणी गेलं. तिथल्या मोटारी आपण वर काढून गोदामात ठेवल्या. जळालेल्या नव्हत्या. सरांनी त्यांच्यापुढंही अधिक लावलं. म्हणाले, यांचा काही दोष नाही, पाणी गेलं म्हणून निघाल्या, नाहीतर चालल्याच असत्या. मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. मग त्यातलीच एक मोटार शाळेच्या बोअरवर बसवली. ती आठवडाभरात जळाली. दुसरी बसवली. तीही गेली.

बबन मिस्त्रींनी ती उघडली आणि सरांना बोलावलं. "हे बघा सर. पाणी जायच्या आधी ही कोरडी घासत होती. हवा वढत होती. आतून भाजल्याली हाय. तुमी हिला धडधाकट धरली."

सरांनी उकिडवं बसून त्या काळ्या तारा बोटानं चाचपल्या. मग म्हणाले, "बबनराव, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मीच पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. गणितातून मधेच निघून गेलेले हे उरलेल्यांसारखेच असले पाहिजेत, नाहीतर गणित फसतं. लिहिलं, आणि कधी बघितलं नव्हतं."

त्या दिवसापासून मोटार वर काढली, असं कुणी सांगितलं की सर लगेच विचारायचे, "का काढली?" पोरं त्यांना चिडवायची. त्यांना येताना बघून आधीच ओरडायची, "सर, कावून काढली?" सर म्हणायचे, "सांग ना मग, कावून?"

मी त्यांना एकदा गमतीनं विचारलं होतं, तुमच्यापुढं काय लावायचं? म्हणाले, "सत्तर अधिक." मग मला म्हणाले, "तुझ्यापुढंही लाव. जो ही भिंत वाचतोय त्याच्यापुढंही लाव." आता त्यांच्यापुढचं चिन्ह मला पुसावं लागलं. त्यांची नोंद पुरी झाली. नोंद पुरी होणं ही काय गोष्ट असते, हे मला भिंतीवरून कळलं नव्हतं. घरात कळतंय. सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते.

असो. मी आज रडायला उभी राहिले नाही. कामाचं बोलायचंय.

ही सभा आपण गावात न घेता इथं खालच्या वस्तीवर घेतली, कारण सरांचं शेवटचं काम इथलं होतं. इथल्या बोअरवरची मोटार सहा वर्षं चालू आहे. आपल्या सगळ्या मोटारींत सगळ्यात जास्त. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतील. वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरं राहतील. आणि मोटार खोल बोअरमधून वर काढायची तर चेनकप्पी लागते, पाइप धरायला आठ-दहा तगडी माणसं लागतात. ती माणसं तेव्हा कारखान्यावर असतील.

राधामावशी इथं समोर बसल्यात. चार नातवंडं त्यांच्याजवळ राहणार आहेत. त्यांनी सरांना विचारलं होतं, "सर, पोरं माघारी येईपातुर ही मोटार टिकल का न्हाई, तेवढं सांगा. लई गणित नका सांगू."

सर म्हणाले, "मावशी, विचार करून सांगतो." त्यांचा तो विचार पुरा झाला नाही.

आण्णांनी परवा मला विचारलं, "वहिनी, सरांनी यावर काही लिहून ठेवलंय का?" नाही. काही लिहून ठेवलेलं नाही. मी भिंतही बघितली, पुस्तकांत चिठ्ठ्याही बघितल्या. मग मला वाटलं, उत्तर नसलं तरी प्रश्न तर माझ्याकडं आहेत. ते मी रोज ऐकलेत.

गावात दोन मतं आहेत. निम्मे म्हणतात, सहा वर्षं चालली म्हणजे दणकट आहे, हात लावू नका. निम्मे म्हणतात, सहा वर्षं झाली म्हणजे म्हातारी झाली, काढा. दोन्ही बाजूंकडं आकडा तोच आहे. मी सरांना हे विचारलं असतं, तर ते म्हणाले असते, पहिल्यांदा हे सांग, पाणी कसं येतंय?

म्हणून मी काल राधामावशींकडं गेले. "मावशी, नळ कसा चालतो?"

त्या म्हणाल्या, "सकाळी बरा हाय. दुपारी फसफस करतो. हवाच येती."

बबन मिस्त्री, तुम्ही मान डोलावताय. तुम्हाला कळलं. या मोटारीचं पाणी खाली गेलंय आणि ती दुपारी हवा ओढतेय. भरल्या बोअरमधल्या मोटारींचं गणित हिला लागू नाही. गोदामात काढून ठेवलेल्या त्या दोघींची ही बहीण आहे. ती गुढीपाडव्याला पोरं माघारी येईपर्यंत चालेलही. मी चालणार नाही असं म्हणत नाही. पण चालली नाही, तर ती वर काढणार कोण? राधामावशी?

आण्णा मला म्हणाले, "वहिनी, चालती मोटार वर काढली तर लोक हसतील." हसू द्या. सरांनाही हसले होते.

मात्र एक गोष्ट मला खरंच लागते. उद्या मोटार काढली, तर ती इथं आणखी किती चालली असती, हे कधीच कळणार नाही. सहा अधिक, एवढंच. सरांना याची चुटपुट लागली असती. मलाही लागते. तरी ती चुटपुट आपण घरी नेऊ. कोरडा नळ मावशींच्या पदरात टाकायला नको.

तेव्हा माझं सांगणं असं. ज्यांना टोळीबरोबर जायचंय, त्यांनी उद्या सकाळी चेनकप्पी घेऊन इथं यावं. गोदामात संस्थेची एक कोरी मोटार आहे, ती इथं खाली सोडू. पाणी खाली गेलंय, म्हणून एक पाइप वाढवू. राधामावशी, तुम्हाला उत्तर द्यायला उशीर झाला. टिकल का, हे सरांनाही सांगता आलं नसतं. पण तुमची पोरं इथं आहेत तोवर आम्ही काम करून घेऊ, हे मी त्यांच्या वतीनं सांगते.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. ऑपरेटर विचारत होता, सरांसाठी तेवढा वेळ मोटार बंद ठेवू का. मी नको म्हणाले. तिचा इथला आजचा शेवटचा दिवस आहे. ती चालू दे. मागच्या टाकीत पाणी पडतंय, ते ऐकू या.

उठा.