वाडग्याखालचं नाव

चर्चमध्ये घरोघरून आणलेल्या पदार्थांच्या जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे दोन आज्या होत्या.

"वर्लीन, हे क्रॅनबेरीचं मेयोनीज तुझंच ना? टर्कीच्या सँडविचला काय झकास लागतंय!"

"सुनेनं केलंय."

"त्या बॉस्टनवालीनं? आणि तू तिला मेयोनीजमध्ये फळं घालू दिलीस?"

"आधी भांडले. मग चाखलं."

"आणि हे कुरकुरीत काय लागतंय?"

"पेकनचे दाणे, लोण्यात भाजलेले. क्रॅनबेरी तिच्या माहेरच्या, पेकन आपल्या परसातले."

"वाडगं मात्र तुझ्या आईचं."

"संपलंय ना? मग उलटं करून खाली चिकटवलेल्या पट्टीवरचं नाव वाच, ओडेसा."

"ब्रिजेट? सुनेचं नाव? अगं, या वाडग्याखाली आजवर तुमच्या घरच्याच बायकांची नावं लागली."

"मग आज कुणाचं लागलंय?"