निघालेल्याला नाही म्हणत नाहीत

या सभेचे अध्यक्ष, आपल्या गावाचे राजे माननीय एलिसा तुहुमेना. व्यासपीठावरचे आदरणीय पाद्री सापुलेते आणि पाद्रीणबाई. समुद्राचे राखणदार, म्हणजे आमचे दोमिंगुस मामा. मला अक्षरं शिकवणाऱ्या वेल्मिन्ता बाई. सगळ्या कुळांचे वडीलधारे. आणि खाली चटयांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मावश्या, आत्या, काका आणि भावंडांनो, तुम्हा सर्वांना मी वाकून नमस्कार करते.

आत्ता राजे माझ्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलले. "आपल्या बेटाचा दिवा" असंही म्हणाले. बाबा रुमालाने डोळे पुसत होते, मी पाहिलं. राजे, आपल्या शब्दाला मान देऊन मी गप्प बसून ऐकलं. पण खरं सांगते, खाली कुठे भोक मिळालं असतं तर मी त्यात शिरले असते. का, ते सांगायलाच मी उभी आहे. थोडा वेळ लागेल. सागूच्या पिठाचा पापेदा निवेल, माशाचा रस्साही निवेल, त्याबद्दल आचाऱ्यांची आधीच क्षमा मागते.

मी कुठे चालले आहे हे निम्म्या गावाला अजून नीट कळलेलं नाही, आणि चूक माझ्या सांगण्याची आहे. पर्यावरणाच्या अभ्यासाची ही पदवी दोन विद्यापीठं मिळून देतात. पहिलं वर्ष जावात, दुसरं जर्मनीत, आणि शेवटी दोघांच्या सहीचा एकच कागद. हे मी मामीला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "दोघं मिळून एकच कागद? मग दुसरं विद्यापीठ करतं काय?" मी म्हटलं, "मामी, लग्नालासुद्धा दोन घरं लागतात ना." त्यावर ती काहीच बोलली नाही. एरवी मामी उत्तर दिल्याशिवाय राहते का? तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अर्ज लिहिताना मी एकटी नव्हते. माझ्या संगणकासाठी चर्चचा जनरेटर चालायचा. मामा होडीने मला खडकांवर न्यायचे. मामेबहीण योसिना माझ्याबरोबर पाण्यात उतरायची आणि शंख मोजायला मला मदत करायची. "ओर्पा, एवढं वाकून तर तू कधी चर्चमध्येपण बसली नाहीस," असं म्हणून हसायची. घरातली मी पहिली पदवीधर. आंबोनहून पदवी घेऊन आले त्या दिवशी बाबांनी ती भिंतीवर लावायला खिळा मारला, तर लाकूडच फाटलं. ते म्हणाले, "भिंत बदलू, पदवी नको." अशा माणसांमध्ये मी वाढले. म्हणूनच अर्जात लिहिलं की समुद्र कसा राखायचा हे मी माझ्या गावाकडून शिकले, आणि तेच जगाला सांगायचं आहे. लिहिताना माझा त्यातल्या प्रत्येक शब्दावर विश्वास होता. अजूनही आहे.

पाद्रीबाबा आपल्याकडे नवीन आहेत, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. किनाऱ्यावर नारळाच्या झावळ्यांचा खांब उभा राहिला की सासी लागली, म्हणजे समुद्र बंद. मग खडकातला लोला शंख कोणी काढायचा नाही, भूक लागली तरी नाही, देणं आलं तरी नाही. तो वाढतो, अंडी घालतो. मग एक दिवस मामा शंख फुंकतात, खांब निघतो आणि म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळं गाव एकदम पाण्यात. त्या पैशांतून चर्चचं छप्पर होतं, शाळेची बाकं होतात, आणि ज्या घरात लग्न ठरलंय त्या घरचं वराकडे न्यायचं देणंही होतं.

निवड समितीने मला फोनवर प्रश्न विचारले. धक्क्याच्या टोकाला, जिथे फोनला रेंज मिळते, तिथे मी उभी होते. एका बाईंनी विचारलं, "तुमच्या अभ्यासाचे खडक दोन वर्षं कोणी हात न लावता राहतील का?" मी लगेच म्हटलं, "हो. आमच्या गावात शब्द मोडत नाहीत." आधी हो म्हटलं, आणि मग तुम्हाला विचारायला इथे आले.

आठवतं ना? हेच सभाघर. या वर्षी उघडायचा समुद्र मी आणखी दोन वर्षं बंद ठेवायला मागितला. राजांनी विचारलं, "कोणाची हरकत?" कोणी बोललं नाही. मामांनी मान खाली घातली, मला वाटलं होकार दिला. मी घरी गेले आणि आधीच पाठवलेल्या अर्जाला पुरवणी जोडली, 'गावाने एकमुखाने संमती दिली.' समितीला माझ्या अर्जातला गावाच्या संमतीवरचा भागच सगळ्यांत आवडला, असं त्यांनी मला मुद्दाम कळवलं.

परवा दुपारी मामीच्या घरी मी सागूच्या वड्या डब्यात भरत होते, प्रवासासाठी. समोरच्या बेटावरून मेल्कीचे काका आले होते. मेल्की म्हणजे योसिनाचा नवरा होणार, हे सगळ्यांना माहीत आहे. मी आतल्या खोलीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"वहिनी, तारीख काय सांगू घरी?"

"समुद्र उघडला की सांगते."

"आणि समुद्र कधी उघडणार?"

"आमची ओर्पा शिकून आली की."

"बरं आहे! शंखांना तुम्ही वाढू देताय, चांगलं आहे. पण आमच्या घरात नातवंडं कधी वाढायची? पोरगा रोज होडी रंगवतो वहिनी. आता होडीला आणखी रंग लावायला जागा उरली नाही."

मामी हसली. मग हळू म्हणाली, "भाऊ, आवाज खाली. पोरगी ऐकेल."

पोरगी ऐकत होती.

योसिना मागच्या दारात मासे साफ करत होती. मी तिला म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?"

"योसी!"

"अगं, तुला नाही कसं म्हणणार? निघालेल्याला कोणी नाही म्हणतं का?"

"मी मागितलं तेव्हा कुठे निघाले होते? माझी पिशवीसुद्धा भरलेली नव्हती!"

"अर्ज टाकलास त्या दिवशी निघालीस," ती म्हणाली. "आई घरी येऊन म्हणाली, आता तिला नाही म्हणायचं नाही." मग माशाचे खवले हातावरून झटकत म्हणाली, "थांबायला काय, थांबेन की. मेल्की कुठे पळतोय? पळालाच तर पोहत जाऊन आणेन."

ती हसली. मी मात्र तिच्याकडे पाहू शकले नाही.

आपल्याकडे निघालेल्याला नकार देत नाहीत. नकार त्याच्याबरोबर बोटीत बसतो आणि वाटेत वजन करतो, असं आजोबा सांगायचे. हे मला माहीत नव्हतं का? मी याच गावात जन्मले. पण मी शिकलेली. माझ्या हिशेबाने पिशवी भरली की माणूस निघतो. तुमच्या हिशेबाने मनाने निघाला की निघतो. म्हणून त्या संध्याकाळी इथे जी शांतता होती ती संमती नव्हती. ते प्रेम होतं. आणि मी ते संमती म्हणून दुसऱ्या देशात लिहून पाठवलं. त्यावर जागा मिळवली. त्या जागेचा आज हा सत्कार. हा फुलांचा हार माझ्या गळ्याला टोचतोय, तो काही फुलांमुळे नाही.

मागे कोणीतरी म्हणालं, "सोड ना पोरी." मावशी, सोडता आलं असतं तर सोडलं असतं.

काल सकाळी मामांना एवढंच विचारलं, "दिलेला समुद्र परत कसा करतात?" मामांनी विणतं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "ज्याने मागितला त्याने सभाघरात उभं राहून परत विचारायचं. पण बाळ, तू कसं विचारणार? तू अजून निघालेलीच आहेस. तुला पुन्हा हेच उत्तर मिळेल." म्हणजे मी शंभर वेळा विचारलं तरी तुम्ही शंभर वेळा गप्पच बसणार.

मग मी धक्क्यावर गेले. समितीतल्या बाईंना फोन लावला. म्हटलं, ठरलेल्या बोटीने मी येत नाही, आणि अर्जातलं संमतीचं वाक्य मागे घेते. बाई चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुमचा अर्ज पुन्हा समितीपुढे जाईल. जागा राहील असं वचन मला देता येत नाही." मी म्हटलं, ठीक आहे. पण एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मला जायचं आहे. फार जायचं आहे. पण योसीच्या थांबण्यावर उभं राहून नाही.

बाबा, बसा. हे तुम्ही आत्ताच ऐकताय याबद्दल घरी मला हवं ते बोला. आई, त्यांना पाणी दे.

तर राजेसाहेब, आदरणीय पाद्रीबाबा, आणि माझ्या सगळ्या लोकांनो, या निरोप समारंभात मी तुमचा निरोप घेत नाही. हार काढून इथे टेबलावर ठेवते. उद्या बोट येईल आणि जाईल, मी किनाऱ्यावरच असेन. आज रात्री मी कुठलीही प्रवासी नाही. मी ओर्पा साहेतापी, या गावाची मुलगी. माझ्यावर ओरडता येतं, मला कामाला लावता येतं, मला नाही म्हणता येतं.

आता विचारते. मला दोन वर्षं समुद्र बंद हवा आहे. द्याल का?

घाई नको. राजे, आपण परवानगी दिली तर सगळ्यांत आधी योसिनाला बोलू द्या. योसी, उभी राहा. हसू नकोस. माझ्याकडे बघ आणि मला उत्तर दे.

तिचं उत्तर येईपर्यंत मी माझं बोलणं आवरतं घेते. मला शिकवणाऱ्या, जेवू घालणाऱ्या, माझ्यासाठी गप्प बसणाऱ्या सगळ्यांचे आभार. एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर एका लहान मुलीने लहानमोठं न पाहता बोलल्याबद्दल, आणि तुमचा शांतपणा मी चुकीचा वाचल्याबद्दल, मला पदरात घ्या. बोल, योसी.