वाकडी वेणी

त्र्याहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. मेहकरच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी डोणगावचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. श्रावणातल्या हाडमोड्या तापापासून बाईंची बोटं मिटत नव्हती.

"डॉक्टर आज पुन्हा इचारीन, तापात आराम किती केला. काय सांगशीन?"

"आठ दिवस."

"आठ दिवस मी निजलो होतो वं. तू तिसऱ्या दिवशी उठली."

"मंग काय करू? मिरच्या तोडाले आल्या होत्या, अन् तुमाले पाणी कोन देल्लं असतं?"

"तेच सांग त्याईले. मांगच्या खेपेले म्हनत होते ना, वय झालं असन, सांधे पयलेच दुखत असतीन, अन् तापात आराम नसन, तं हे दुखनं लांबते. पयल्या दोन गोष्टी त्याईनं पाह्यल्या. तिसरी तू लपवली."

"लोकाइसमोर तुमची इज्जत घालवाले नाही आली मी. माया पदर घसरून राह्यला, डोक्यावर घ्या बरं."

"घेतो. दुखलं का वं सकाळी?"

"नाही जी. आज कमी ओढलं तुम्ही."

कंपाउंडरनं पुकारलं, "गीताबाई इंद्रभान."

दोघं आत गेली. पडद्यामागून डॉक्टरांचा आवाज आला.

"बाई, तापात आराम किती दिवस केला होता?"

"आठ दिवस."

"दोन दिवस, सायेब. आठ दिवस मी केला."

"बरं. हात वर जातो का? केस विंचरता येतात?"

"येते की."

"तिची वेणी पाहा, सायेब. बाईमानसानं घातल्यावानी दिसते का?"